चौथ्या नि पाचव्या मजल्यामधलं झाड

ती. आईंना,

कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? (घालत नसणार. "आता घालते, मग घालते" करत तुम्ही अख्ख्या बाटलीची मुदत संपवू शकता, हे मी स्वतः पाहिलंय.) खोकल्याचं औषध तुम्ही शेजारणीला देऊन टाकलंत, हेही मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका, शेजारणीनेच सांगितलं. इकडे आम्ही चौघंही खुशाल आहोत. म्हणजे थोडे खरचटलो आहोत, पण खुशाल. कसे खरचटलो ते फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मुद्दा यायच्या आत "बरं, ठेवते" म्हणता. पत्राला तशी सोय नाही. वाचावंच लागेल.

आमच्या दुकानात, म्हणजे कपडे आखूड-लांब-ढिले-घट्ट करायच्या दुकानात, एक नवी मुलगी लागली आहे. परवा तिने विचारलं की जेवणाच्या सुट्टीत एवढं पानंच्या पानं कुणाला लिहिता. सासूबाईंना, म्हटलं. तर म्हणते, तुमच्या मिस्टरांची आई केव्हाच वारली ना? मग तिला पहिल्यापासून सांगावं लागलं, की तुमचा मुलगा गेला त्याला चार वर्षं झाली, मी हे दुसरं लग्न केलं त्याला आठ महिने, आणि दोन्ही वेळा मला हाताला धरून उभं करणारी बाई एकच. तिने "माजी सासू" असा शब्द सुचवला. मी तिच्या हातातल्या पँटची शिलाई बघितली, वाकडी होती, आणि सगळी उसवायला लावली. (एरवी चालवून घेतली असती.)

तर मुद्दा. नाताळ जवळ आला आणि घरात झाडाचा प्रश्न निघाला. तुमच्या जावयांकडे (हा शब्द तुमचाच, त्यांना तो फार आवडतो, नुसता ऐकला की शर्ट खोचतात) माळ्यावर एक प्लॅस्टिकचं झाड आहे. त्याला चौसष्ट फांद्या, प्रत्येकीवर नंबरची चिकटपट्टी, सोबत नकाशा. लिफ्टच्या मेकॅनिककडे दुसरं काय असणार म्हणा. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते नंबरवार जोडायचं, रसपट्टी (गवंड्यांची, आत बुडबुडा असलेली) लावून सरळ आहे का बघायचं, आणि त्यांची थोरली चार वर्षांची होती तेव्हापासून फांद्या देणार ती. आणि आपल्याकडची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे: खरं झाड, आदल्या दिवशी, अंदाजपंचे, सगळ्यांनी एकाच वेळी ओरडत, आणि ते डावीकडे कललं की तुम्ही म्हणायचं, झाड आहे ते, शिपाई नाही.

आपली धाकटी म्हणाली की प्लॅस्टिकच्या झाडाला वास नसतो. थोरली म्हणाली की खऱ्या झाडाला मुंग्या असतात. एवढ्यावरून दोघींनी दोन खोल्यांची दारं लावून घेतली. घरात खोल्या दोनच, त्यामुळे आम्ही दोघं मधल्या बोळात उभे, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

थोरलीबद्दल मी तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांत तिने मला एकदाही हाक मारलेली नाही. वाईट वागते असं अजिबात नाही, उलट फारच नीट वागते. पण मला म्हणायचं काय? आई म्हणायचा प्रश्न नाही, तिला तिची आई आहे, दुसऱ्या शहरात, आपल्या संसारात सुखात. काकू म्हणावं तर काका कुठून आणायचा. नुसतं नाव घ्यावं तर पंधरा वर्षांची पोर फार सभ्य. त्यामुळे तिने व्याकरणातून वाट काढली. ती माझ्याशी कर्त्याशिवाय बोलते, म्हणजे 'तू' नाही नि 'तुम्ही'ही नाही. "मीठ मिळेल का." "दार उघडं राहिलंय." "डबा धुवायचा आहे." कचेरीतल्या पाटीसारखं. मीही पाटी वाचल्यासारखी निमूट सूचना पाळते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं उगाच कपबश्या पुसते.

असो. शेवटी मी म्हटलं, दोन्ही पद्धती राहू द्यात माळ्यावर, आपण चौघं आपली नवी काढू. हे लगेच कागद घेऊन बसले. वर "नवी परंपरा" असं लिहून खाली पट्टीने रेघ मारली. मग रेघेखाली लिहायला कुणालाच काही सुचेना. पाऊण तास आम्ही त्या रेघेकडे बघत होतो. शेवटी एवढंच ठरलं की झाड खरं आणायचं, पण कुंडीतलं, म्हणजे मरणार नाही, आणि घरात घेण्याआधी थोरली त्याची मुंग्यांसाठी झडती घेणार.

शनिवारी दुपारी रोपवाटिकेत गेलो. ह्यांनी घरातून छताची उंची मोजून आणली होती, मी शिंप्याची टेप घेऊन झाड मोजलं, दोन्ही आकडे जुळले आणि आम्ही एकमेकांकडे मोठ्या अभिमानाने पाहिलं. कुंडी मोजायची राहिली हे पुढे कळलं. झाड म्हणजे काय देखणं होतं, आई! भरगच्च, हिरवंगार, आणि वास असा की धाकटीने सगळ्या रस्ताभर त्यात नाक खुपसून ठेवलं (खरचटणं क्रमांक एक). चौघांनी चार बाजूंनी धरून घरापर्यंत आणलं. थोरली आली ती केवळ चौथा माणूस हवा म्हणून, तसं तिने स्पष्ट सांगितलं, अर्थात कर्त्याशिवाय.

खाली पहारेकरी म्हणाला, साहेब, जिन्याने न्या. पण त्याच सकाळी ह्यांनी आमच्या लिफ्टची तपासणी करून आतल्या कार्डावर "सर्व ठीक" लिहून सही केली होती. आता सहीवाल्यानेच जिना चढायचा म्हणजे काय राहिलं? हे म्हणाले, सहा माणसांची लिफ्ट आहे, आपण चार, झाड फार तर दीड. लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दाराची. आधी झाड, मग ह्यांची हत्यारांची पिशवी, मग आम्ही कडेकडेने, पोटं आत घेऊन. चौथा मजला गेला. आता घर येणार, तेवढ्यात एक फांदी जाळीतून बाहेर गेली, वरच्या मजल्याच्या कडेत गुंतली, दार चार बोटं सरकलं आणि लिफ्ट अडकली. मधोमध. ह्यांच्या डोळ्यांसमोर भिंत, आणि वर पाचव्या मजल्याची एवढीशी फट.

हे म्हणाले, हा बिघाड नाही, दार सरकलं की लिफ्टने थांबायचंच असतं, ती अगदी बरोबर वागते आहे. आम्ही लिफ्टचं कौतुक केलं. मग ह्यांनी दार ओढून पाहिलं, फांदी ओढून पाहिली (खरचटणं क्रमांक दोन ते पाच), ते काही हलेना. मग कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. बाईने पत्ता लिहून घेतला आणि काळजी करू नका, तुमच्या सगळ्यांत जवळचा मेकॅनिक पाठवते म्हणाली. ह्यांनी फोन ठेवला. लगेच वाजला. तीच बाई, ह्यांना सांगत होती की एका इमारतीत एक कुटुंब अडकलंय, ताबडतोब निघा.

मी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण झाडच हलायला लागलं.

ह्यांचा जोडीदार शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, दीड तासाच्या वाटेवर. वरच्या यंत्राच्या खोलीची किल्ली ह्यांच्याच खिशात. पहारेकरी म्हणाला किल्ली खाली टाका, मी फिरवतो हाताने. हे म्हणाले, शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही, मी आत असलो तरी नाही. एव्हाना पाचव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (आता निवृत्त आहेत) फटीपाशी पालथे झोपले आणि जाळीतून एकेक बिस्किट आत सोडायला लागले. चाळीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक वेळी "आ करा" म्हणत होते. धाकटीने पाच खाल्ली.

त्या गोंधळात माझं लक्ष थोरलीकडे गेलं. ती कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती, पांढरीफटक. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आठ महिन्यांत मी हिला लिफ्टमध्ये कधी पाहिलेलंच नाही. व्यायाम म्हणून जिना चढते असं सांगायची. बाप लिफ्टचा मेकॅनिक, आणि मुलीला बंद लिफ्टची भीती, आणि तसं बापाला सांगायची त्याहून जास्त भीती. मला तिचा हात धरावासा वाटला. पण आमच्यात हात धरायची पद्धत नव्हती. म्हणून मी पर्स उघडली. त्या दिवशी दुकानातून निघताना मी उरलेल्या बटणांची पुडी पर्समध्ये टाकली होती, सुई-दोरा तर माझ्याकडे कायमच. मी तिच्याकडे न बघता, हवेत, तिच्याच भाषेत म्हटलं, "बटणं ओवली गेली तर बरं होईल."

तिने जरा वेळाने सुई घेतली. पहिलं बटण ओवायला तिला पाच मिनिटं लागली. दहावं तिने एका झटक्यात ओवलं. धाकटीने ती माळ झाडाला गुंडाळली आणि आणखी मागितली. मग ह्यांनी हत्यारांची पिशवी उपडी केली. आई, त्या पिशवीत काय खजिना असतो तुम्हाला कल्पना नाही. चकचकीत वॉशर, स्प्रिंगा, लाल-पिवळ्या-निळ्या वायरींचे तुकडे. ह्यांनी तांब्याच्या तारेचे गोल वळले, थोरली वॉशर ओवायला लागली, मी सेफ्टी पिनांची साखळी केली, डॉक्टरांनी वरून बिस्किटांचा सोनेरी कागद सोडला. आम्ही चौघं एकमेकांच्या काखेखालून हात घालून झाड सजवत होतो, कारण दुसरा रस्ताच नव्हता. आणि तेवढ्यात वरची एक फांदी वॉशरांच्या वजनाने वाकली आणि थोरली मला म्हणाली,

"अगं, धर ना ती फांदी, पडतेय."

आई, अगं म्हणाली. 'अहो' नाही, 'ऐकायचं' नाही, अगं. बोलली ते तिच्या लक्षातही आलं नाही, तिचं सगळं लक्ष फांदीकडे. हे वॉशरात तार घालत होते ते तसेच राहिले, एका हातात तार, दुसऱ्या हातात वॉशर. मी फांदी धरली. पुढचा पाऊण तास मी ती सोडलीच नाही. हात भरून आला, धाकटीने विचारलं की तू त्या फांदीला टेकून का उभी आहेस, तरी सोडली नाही. त्यानंतर "अगं" तीनदा आलं. मी मोजत होते.

जोडीदार आला, जाळीतून ह्यांच्याकडून किल्ली घेतली, वर जाऊन त्याने हाताने चाक फिरवलं, लिफ्ट पाचव्यावर टेकली आणि त्याने जाळी मोकळी केली. धाकटीने त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं, कारण एक बाजू राहिली होती. तो बिचारा थांबला. लिफ्टमधून बाहेर आल्यावर थोरलीने ह्यांना तिची भीती सांगितली, मी आत झाडासाठी जागा करत होते तेव्हा, म्हणजे मला ऐकू येईल अशा बेताने.  त्या दिवसापासून हे तिच्याबरोबर जिन्याने चढतात आणि वर येऊन धापा टाकत "व्यायाम" म्हणतात.

झाड आता बाहेरच्या खोलीत आहे. कुंडीमुळे वीतभर जास्त झालं, शेंडा छताला लागून वाकलाय. रेघेखालचा कागद अखेर भरला, थोरलीच्या अक्षरात: दरवर्षी पहिली बटणाची माळ लिफ्टमध्येच ओवायची (लिफ्ट तळमजल्यावर, दार उघडं), झाड कललं तर चालेल, पण दागिन्यांना नंबर घालायचे. दोन्ही घराण्यांची अब्रू राहिली. एकूण सदतीस दागिने आहेत. काल रात्री जेवताना मी सहज बघितलं तर हे सदतीस मोजत होते, रसपट्टी खिशातच ठेवून.

थेंब घाला. औषध परत मागून घ्या. चौघांचा नमस्कार.

तुमची,
सून म्हणा, लेक म्हणा

ता. क. : ह्यांनी पत्र वाचलं. लिफ्ट "अडकली" हा शब्द खोडून "सुरक्षितपणे थांबली" असं लिहावं असं त्यांचं म्हणणं आहे. लिहिलं नाही.

ता. क. २ : खरं म्हणजे पत्र ह्यासाठी. मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, तुमचं आता नवीन घर, त्यात जुनं माणूस कशाला. आणि मी काही बोलायच्या आत "बरं, ठेवते". तर ऐका. बावीस तारखेला सकाळी तुमचे जावई तुम्हाला न्यायला येताहेत. विचारायला नाही, न्यायला. धाकटीने आजी येणार म्हणून सगळ्या इमारतीत सांगितलंय आणि डॉक्टरांनी त्यांची जास्तीची खाट आमच्याकडे आणून टाकलीसुद्धा.

ता. क. ३ : तुमच्या गुडघ्यांची चौकशी मी सुरुवातीला मुद्दामच केली नाही. लिफ्टचं दार नवीन बसवायचंय, ते नवीन वर्षात येणार, म्हणून कालपासून लिफ्ट बंद आहे. पण पायऱ्या काही फार नाहीत, असतील साठ-पासष्ट.

ता. क. ४ (हे अक्षर वेगळं आहे, कारण मी वेगळी आहे) : आजी, मी थोरली. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं होतं म्हणून लिहिते. पायऱ्या शंभर आहेत, मी मोजल्या आहेत, हिचं ऐकू नका. प्रत्येक मजल्यावर बसायला खुर्ची ठेवली आहे, बाबांनी तिच्या पायांना रबर लावलंय. तरी या.