रिमोटच्या चावीला तेल

खंडेनवमी, लालबाग

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी बाबांनी माझ्या गाडीची रिमोटवाली चावी साबणाच्या पाण्यात धुतली, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यासमोर मांडली. वर बटणांच्या फटीत शिलाई मशीनचं तेल सोडलं. तेल! गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते तेव्हा खंडेनवमीला पान्यांचं असंच करायचे म्हणे. अहो, पाना वेगळा आणि रिमोट वेगळा!

गाडी सेकंडहँड. स्पोर्ट्स कार घ्यायची हौस माझीच. दुसरी चावी आधीच्या मालकाने कधीच हरवलेली. चावी बंद पडली, गाडी नेमकी देवीच्या मांडवासमोर अडकली, आणि मंडळाची पोरं दर पाच मिनिटांनी, "दादा, गाडी काढा ना." चावीवाल्याला फोन केला तर म्हणतो, गाडी घेऊन या. अरे, चालू झाली असती तर तुला फोन कशाला केला असता?

संध्याकाळी आला एकदाचा. नवी चावी बनवली, गाडीला लॅपटॉप जोडून कोड भरला. जाताना म्हणाला, "जुनी फेकून द्या, तिला गाडी आता ओळखणार नाही."

मग मी बाबांवर सुटलोच. "तेल घालायला सांगितलं कोणी?"

बाबा जुनी चावी पंच्याने पुसत म्हणाले, "गिरणीच्या संपानंतर या दिवशी घरात पुजायला हत्यारच नव्हतं रे."

राग तर अजून आहेच.

नवी चावी मीच देव्हाऱ्यासमोर ठेवली. तेलाची बाटली मात्र माझ्या कपाटात आहे.