तीन छिद्रं

६ जानेवारी, सोमवार

संध्याकाळ झाली की डावी पापणी मिटतेच. घास चावता चावता जबडा थकतो. आई भाकरी दुधात कुस्करून भरवते — तीस वर्षांच्या घोडीला!

हा स्नायू थकवणारा मायस्थेनिया आहे हे कळून वर्ष झालं. आता छातीतली ती थायमस ग्रंथी काढायची. तिच्यात गाठ निघालीय. पण छाती उघडायची नाही, बरगड्यांमधून फक्त तीन छिद्रं. असं ऑपरेशन करणारा डॉक्टर कृष्णानं शोधून काढला. किती फिरला माझा भाऊ!

१० जानेवारी

उद्या ऑपरेशन. सगळं दोन-दोन दिसत होतं, एका फॉर्मवर न वाचताच सही केली. बाकीचे कागद कृष्णा आणि आई बाहेर घेऊन गेले. "तू नको डोकं लावू, आम्ही हाव ना," कृष्णा म्हणाला. बरं वाटलं.

१३ जानेवारी

लई दुखतंय!

१५ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली होती. छिद्रांतून सुटेना. छाती उघडली असती तर पूर्ण निघाली असती. "पण घरच्यांनी लेखी नकार दिला होता. थोडी ठेवावी लागली."

नकार? कुणाला विचारून!

कृष्णाला धरलं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दौलताबादचे बघायला यायलेत. गळ्याखाली वण दिसला असता. आजाराचं बी त्यांना सांगितलं नाय."

"तू दिलास नकार?"

त्यानं खिडकी लावून घेतली. मग, "व्हय. मीच."

म्हणजे ती सगळी पायपीट माझ्यासाठी नव्हतीच. माझ्या जिवापेक्षा यांना बघण्याचा कार्यक्रम मोठा! दगा दिला यानं. सख्ख्या भावानं.

१७ जानेवारी

कृष्णा आला की भिंतीकडे तोंड करते. त्यानं आणलेलं काही खात नाही. जेवते फक्त आईच्या हातचं.

२० जानेवारी

पुन्हा ऑपरेशन, महिन्याभरानं. या वेळी मधोमध चीर. एक डोळा झाकून फॉर्मची ओळ न् ओळ वाचली आणि सही केली. दौलताबादला मीच फोन करून आजार सांगितला. सिस्टरला म्हटलं, तो जुना नकाराचा कागद मला बघायचाय.

२१ जानेवारी

कागद बघितला. कृष्णाची सही नाहीच त्यावर.

आईची आहे. अंगठा लावायची लाज वाटते म्हणाली होती, तेव्हा मीच तिचा हात धरून शिकवली होती.