विहिरींकडे जाणारं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार
विभागाचा जुना सर्व्हर आज बंद केला. केबलकाकांनी – आमचे प्रयोगशाळा सहायक, सगळे त्यांना हेच म्हणतात – बटण दाबलं आणि बारा वर्षांची घरघर थांबली. आता विद्यापीठाचं सगळं काम क्लाउडवर. "मशीन कुठंय ते विचारू नका मॅडम," काका म्हणाले, "मलाही दाखवता येणार नाही."

४ फेब्रुवारी
पासवर्ड तीनदा चुकला. शेवटी माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने खातं उघडून दिलं.

६ फेब्रुवारी
जुन्या कचरा डेपोखालचं दूषित पाणी कुठे जातं? अकरा वर्षांपूर्वीचा माझा शोधनिबंध यावरच. उत्तर होतं – पूर्वेला, ओसाड माळाकडे. पिण्याच्या विहिरी पश्चिमेला, म्हणजे काळजी नाही. त्यावर विसंबून पाणीखात्याने त्या चालू ठेवल्या. जुन्या मशीनला सगळा नकाशा झेपत नसे. त्याचे मोठमोठे चौकोन पाडून, तीन आठवडे थांबून गणित उरकलं होतं.
आज क्लाउडवर तेच गणित बारीक चौकोनांत लावलं. सहज, हौस म्हणून. चहा पिऊन आले तर निम्मं झालेलं.

७ फेब्रुवारी
पाणी पश्चिमेलाही जातंय. सगळं नाही, बारीकशी धार. पण जातंय.

८ फेब्रुवारी
पुन्हा लावलं. तेच.
जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "चूक मशीनची की तुझी?"
मशीनची म्हणणार होते.  पण एवढ्या मोठ्या चौकोनांचं गणित ढोबळ आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तळटिपेत एक ओळ लिहिलीही होती. पुढे भाषणांतून ती ओळ गळाली. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी
पाणीखात्याच्या इंजिनिअरना भेटले. कागद पुढे ठेवले. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी नुसता चष्मा पुसला. "विहिरी आजच बंद करतो. नमुने तपासायला पाठवतो. तुम्ही स्वतः आलात, मॅडम..." वाक्य तिथेच सोडलं.


११ फेब्रुवारी
पाणीखात्याला नोंदी हव्यात – कोणतं गणित कधी लावलं. क्लाउडवर प्रत्येकाची तारीख राहते. यादी उघडली. माझ्याआधी हेच गणित एकदा झालंय. हेच चौकोन, हेच उत्तर. डिसेंबरात – विद्यार्थ्यांना खाती आमच्याआधी मिळाली होती. नाव माझ्या विद्यार्थिनीचं.

१२ फेब्रुवारी
तिला समोर बसवलं. "दोन महिने गप्प राहिलीस? लोक ते पाणी पितात गं."
"दोनदा तुमच्या दारापर्यंत आले होते, मॅडम."
"मग?"
"पहिल्याच वर्षी तुम्ही म्हणाला होतात – माझ्या निष्कर्षावर पुढचं बांध, तो उकरत बसू नकोस."
मी असं कधी म्हणाले नाही, म्हटलं. तिने वही उघडून पुढे सरकवली. माझं वाक्य होतं. तारखेसकट. खाली दोन रेघा मारून.