उत्कर्षाचा विषय, माझा आवाज

५ जानेवारी

पुन्हा विषय बदलला! पहिल्या वर्षी मानसशास्त्र, मग अर्थशास्त्र, दिवाळीपर्यंत नाटक. आता उत्कर्षाबाई म्हणतात भाषाशास्त्र. लिबरल आर्ट्समध्ये सगळं चाखून बघायचं असतं, कबूल — पण दुसरं वर्ष संपत आलं. महिनाअखेरीला मुख्य विषय कळवायचा आहे. ऑफिसात प्रेमलाताईंनी विचारलं, "लेक काय करते?" सांगितलं. "अच्छा, म्हणजे अजून ठरलं नाही," म्हणाल्या आणि डबा उघडला.

९ जानेवारी

दोन दिवस बघतेय. मी अमरावतीला आईला फोन लावला की ही मोबाइल घेऊन ओट्याशी हजर. शेवटी विचारलंच. तर म्हणे, "आजीशी बोलताना तू वेगळीच असतेस. आवाजसुद्धा बदलतो! माझा प्रोजेक्ट तोच आहे — विदर्भातून पुण्यात आलेल्यांची बोली. रेकॉर्ड करून सादर करायची."

म्हणजे मी! इतकी वर्षं चारचौघांत वऱ्हाडीचा एक शब्द तोंडातून जाऊ दिला नाही. शनिवार पेठेतल्या पहिल्या नोकरीत एकदा "मले माहीत नाही" म्हणाले होते. ती नोकरी सोडेपर्यंत मी तिथे 'मलेबाई'. आणि ही ते कॉलेजच्या हॉलमध्ये स्पीकरवर ऐकवणार!

स्पष्ट नाही म्हटलं.

१० जानेवारी

भांडली नाही. माझ्यासमोर सगळं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. "तुझा आवाज आहे. आधी विचारायला हवं होतं, सॉरी." भांडली असती तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी

विषय ठरला. अर्थशास्त्र! हे खूश. पेढे आणायला निघाले होते, मीच थांबवलं.

मला हवं ते मिळालं ना? मग ही चिडचिड कसली? उत्कर्षा सरळ बसून जेवते, विचारलं तेवढं सांगते. गेल्या महिन्यात हीच पोरगी पानातली भाजी गार होईपर्यंत बडबडत होती. "भाजीवाल्या मावशी 'हाय' म्हणतात, आपण 'आहे'. चूक कुणाचीच नाही, आई! कुणी शिकवत नाही तरी सगळ्यांना नियम पाठ!" नाटकाबद्दल कधी अशी बोलली नव्हती. मानसशास्त्राबद्दल तर नाहीच. आणि मी काय म्हणाले? "आधी जेव."

१८ जानेवारी

ह्यांना म्हटलं, तिला तिचं करू दे.

"अगं, तूच तर नको म्हणाली होतीस —"

हो, मीच!

"भाषाशास्त्रावर पोट भरतं का?"

माहीत नाही. पण पुढची सगळी वर्षं ती अशी मुकाट जेवणार असेल, तर मला नको ते अर्थशास्त्र.

हे पेपर उचलून गॅलरीत गेले. म्हणजे पटलंय.

२२ जानेवारी

उत्कर्षाला दोन्हींची परवानगी दिली — विषयाची आणि माझ्या आवाजाची. ती बघतच राहिली.

"हॉलमध्ये? स्पीकरवर?"

लाव. फक्त माझं नाव नको.

"नाव नसतंच, आई."

मग हे आधी सांगायचं ना, कार्टे!

२४ जानेवारी

फोन स्पीकरवर ठेवला. उत्कर्षाने सांगितलं, "आजी, आईची वऱ्हाडी रेकॉर्ड करतेय हं."

आई हसली. "तिची कायले वं? ते तं कवाचीच पुण्याची झाली. मी बी तिच्यासंगं सांभायून बोलतो. माही कर."

उत्कर्षाने माझ्याकडे पाहिलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. मी बंद कर म्हणाले नाही.