गणितताईकडे आलेला प्रश्न

ठमे,

आजीचे डोळे तपासायला नेतेय, सहापर्यंत येऊ. दूध तापवलंय, ते पी. दप्तर दारात टाकू नकोस, परवा आजी त्यात पाय अडकून पडता पडता वाचली.

आता मुद्द्याचं. अभ्यासात मदत करणाऱ्या त्या साइटवर मी दुपारी 'गणितताई' या नावाने पोरांची गणितं सोडवून देते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. काल तिथे एका मुलीने अपूर्णांकांचा भागाकार विचारला. नाव नव्हतं, नुसता वहीचा फोटो. दुसरा अपूर्णांक उलटा करायला ती तीनदा विसरली, मी तीनदा समजावलं. वर लिहिलं, 'शाब्बास बाळा, घाबरायचं नाही.' शेवटी ती म्हणाली, 'ताई, तुम्ही छान शिकवता. घरी विचारलं की आई अंगावर ओरडते.'

त्या आईला मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. मग फोटो मोठा केला. वहीखाली आपल्या टेबलावरचा इस्त्रीचा डाग होता.

रात्री जेवताना बोलणार होते. तोंडच उघडेना. एरवी तुझ्यापुढे माझ्या तोंडाचा पट्टा कसा सुटतो, ते तू जगाला सांगितलंयस.

सहा वाजता वही घेऊन माझ्याजवळ बस. धीर झाला नाही, तर तुझ्या खोलीतून तिथेच विचार. मी स्वयंपाकघरातून उत्तर देईन. हवं तर दहादा.

तुझी गणितताई,
म्हणजे आईच