दात्यांखालचा बोळा

२ फेब्रुवारी

आले एकदाची! ट्रंक अजून तशीच दारात आहे, पण आधी ही वही काढली. आज इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही, आणि इथे सांगायला कुणी नाही. स्वतःची खोली! खाली दुकान, त्यामागे कामाची जागा, वर मी. मागच्या नळाला दिवसभर पाणी असतं, असं मालकांनी सांगितलं तेव्हा मी बहुतेक जरा जास्तच हसले, कारण ते गोंधळून बघत राहिले. त्यांना काय माहीत, दादाच्या घरी माझ्या हात धुण्यावरून वहिनीनं काय काय ऐकवलंय ते. घाणीची एवढी किळस असलेली बाई जुनी शिलाई मशिनं दुरुस्त करते, म्हणजे रक्त बघून चक्कर येणाऱ्यानं दवाखाना काढण्यातला प्रकार, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला घाण बघवत नाही म्हणूनच तर मी हे काम चांगलं करते. वर्षानुवर्षं साचलेला काळा चिकटा घासलेटनं उतरवला की खालून लोखंड लख्ख बाहेर येतं. त्या क्षणी मला जे वाटतं ते वहिनीला सात जन्मांत कळायचं नाही.

मालक जुनी मशिनं विकत घेतात, भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या शिंप्यांच्या दुकानांतून, कुणाच्या माळ्यावरून. मी ती चालती करायची, ते विकणार. थोडे दिवस काम बघतो, मग कायमचं ठरवू, असं म्हणालेत. कायम झाले की धाकटीला इथे आणायचं. मी दुरुस्त करणार, ती शिवणार, आणि दोघी बहिणी आपल्या आपण राहणार. तिचा हात असा आहे की फाटक्या पोत्याचासुद्धा झगा करील. वहिनी तिच्याकडून नुसती भांडी घासून घेते.

५ फेब्रुवारी

कामाला मजा येतेय. आज ज्या मशीनचं चाक हलत नव्हतं त्यात कुणीतरी स्वयंपाकाचं तेल ओतलं होतं. लोकांना हे कधी समजणार देव जाणे. फोडणीचं तेल मशीनमध्ये वाळतं, त्याचा डिंक होतो आणि मग मशीन बिघडलं म्हणून भंगारात! अख्खा दिवस घासलेट आणि जुना टूथब्रश घेऊन बसले होते. एका मशीनच्या पोटात मेलेलं झुरळ मिळालं, पाय वर करून पडलेलं. चिमट्यानं उचलून फेकलं आणि साबण लावून तीनदा हात धुतले. शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी नळावर उभ्या होत्या. मुली, कातडी निघेल, म्हणाल्या. मावशी तोंडाच्या फटकळ आहेत, पण चहा आणून देतात.

कोपऱ्यात चादरीखाली एक पायमशीन आहे. मालकांच्या आत्याचं. काळंभोर, त्यावर सोनेरी वेलबुट्टी अजून टवटवीत, फक्त डावा हात टेकायच्या जागी पार पुसून गेलेली. एक हौशी गिऱ्हाईक ते घ्यायला तयार आहे, पण चालत असेल तरच. आधीचे दोन मिस्त्री ते अर्धवट टाकून गेले. हे चालू केलंत तर तुमची नोकरी पक्की, मालक आजच बोलून गेले. मी मनातल्या मनात धाकटीची गादी कुठे घालायची ते ठरवूनही टाकलं.

९ फेब्रुवारी

आत्याचं मशीन उघडलं.

जिच्याखाली कापड सरकवणारे दाते असतात ती पट्टी काढली की खाली धाग्यांचा, कापडाचा भुगा साचलेला असतो. प्रत्येक मशीनमध्ये असतो, तो काही नवा नाही. दाबून दाबून त्याचा जाजमासारखा थर होतो, तो कोरडा असतो आणि चिमट्यानं एकदम सुटून येतो. हा ओला होता. पिवळट, तेलकट, उष्टा घास थुंकावा तसा बोळा. चिमट्यानं धरला तर लांबत गेला, आणि बघते तर आत केस. पांढरे, काळे, एकमेकांत गुरफटलेले. महिनोन् महिने न धुतलेल्या उशीचा अभ्रा हुंगावा तसा वास आला. मी ओढत होते आणि ते येतच होतं. एवढ्याशा जागेत इतकं मावलं कसं, देव जाणे. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर टाकलं, आतून घासलेटनं धुतलं, तेल घातलं. चाक लोण्यासारखं फिरलं. रात्री जेवले नाही. बोटांना तो वास अजून आहे.

१० फेब्रुवारी

सकाळी पट्टी काढली. बोळा परत होता. तसाच, तेवढाच, ओला.

काल नीट काढला नसेल, असं स्वतःला बजावलं. मी! जिनं आजवर एक स्क्रू पुसल्याशिवाय लावला नाही. परत काढला. या वेळी बोटांना कोमट लागला.

१२ फेब्रुवारी

मावशींकडून आत्याबद्दल कळलं. आत्या जन्मभर त्या मशीनवर बसली. सुई सरसर चालावी म्हणून शिंपी सुई केसांतून फिरवतात, तशी तिलाही सवय होती, पण ती एवढ्यावर थांबली नाही. डोक्यात तेल थापायची आणि मशीनलाही तेच तेल घालायची, केसांतूनच, बोटांनी निपटून. मशीनला आपल्या अंगचं लागतं, असं म्हणायची. डोकं कधी धुवायची नाही. शेवटी टक्कल पडलं तिला. मग घास उतरेनासा झाला, वाळून गेली, आणि तोंडातून सारखं काहीतरी ओढून काढत बसायची. मावशींनी ओढून दाखवलंसुद्धा, दोन बोटांनी, जिभेवरून.  मालक तिला घशाचा आजार होता म्हणतात.

काय घाणेरडी बाई! मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण घाणेरडीच.

१४ फेब्रुवारी

मशीन चाललं. आणि माझ्या हातून काय झालं ते लिहितानाही अंगावर काटा येतोय.

आज पट्टीखाली बोळा नव्हता. एकदम स्वच्छ. मी खुशीत चिंधी घेतली, रीळ चढवायला गेले, तर मशीनवर जुनं पांढरं रीळ होतंच, दोरा ओवलेला, फक्त सुईतून निसटलेला. म्हटलं, चाचणीपुरता हाच चालेल. आणि टोक तोंडात धरून ओलं केलं. न बघता, न विचार करता. सुई ओवणारा कोण करत नाही हे? आईनं शिकवलं, धाकटीला मी शिकवलं. ओठांत धरायचं, दाबायचं, ओवायचं.

खारट होतं. तेलकट. दुसऱ्याच्या कंगव्याचे दात चाटावेत तसं. दोरा ओवूनही झाला, पायानं खालचा पाटा हलवूनही झाला, टाका असा सुरेख पडला की मालकांनी टाळी वाजवली, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय चाटलं. नळावर जाऊन ओकले. जीभ साबणानं घासली.

१७ फेब्रुवारी

जिभेवर केस असल्यासारखं वाटतंय. आरशात बघितलं तर काही नाही. ब्रशनं घासून घासून रक्त आलं. अन्नाला त्या उशीच्या अभ्र्याचा वास येतो. पाण्यालाही.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घशात बॅटरी मारली, चिमट्यानं एक पांढरा भुगा काढला आणि हसले. शिवणकामवाल्या बायकांच्या घशात हे जातंच, तोंडाला रुमाल बांधत जा, म्हणाले. मी त्यांना विचारलं, भुगा ओला का आहे. ते म्हणाले, घशातून काढल्यावर कोरडा कसा असेल. बरोबरच आहे. स्वतःच्या खुळेपणाचं हसू आलं.

घरी येईपर्यंत घशात परत तेवढाच होता.

२१ फेब्रुवारी

गिऱ्हाईकाला मशीन पसंत पडलं, पुढच्या आठवड्यात नेणार आहे. माझी नोकरी पक्की झाली. ज्यासाठी एवढं केलं ते झालं आणि मी दुकानातल्या फोनवरून धाकटीला ये म्हणून सांगितलं. ती तिकडे रडतच होती आनंदानं. माझा घोगरा आवाज ऐकून म्हणाली, ताई, आल्यावर तुला काढा करून देते. गुरुवारी निघणार.

फोन ठेवला आणि दाढेत काहीतरी अडकलं म्हणून बोट घातलं. दोरा होता. पांढरा. ओढला, तर गिळलेलं काहीतरी खालून वर सरकल्यासारखं झालं. हात तिथेच थांबला.

२३ फेब्रुवारी

ओढला आज. नळावर वाकून. संपतच नाही. वीतभर कोरा दोरा, मग भुगा, मग केस. तेलानं पिवळट झालेले. माझे केस एवढे लांब नाहीत. हातावर चिकट वेटोळी साचत गेली, आणि आतून पोट गोळा होऊन वर येत होतं. शेवटी कात्रीनं कापला. उरलेलं टोक आपोआप आत गेलं — गिळलं मी ते. मी नाही गिळलं, ते गेलं.

आवाज गेला. मालक विचारत होते काय झालं, मी रुमाल काढला नाही. तोंड उघडलं तर त्यांना दिसेल. शी. शी. माझी मलाच किळस येते.

२४ फेब्रुवारी

धाकटीला येऊ नको सांगायला फोन लावला. तोंडातून नुसती फरफर. ती म्हणाली, लाइन खराब आहे गं ताई, भेटल्यावर बोलू. हसली आणि ठेवला.

मालक चार दिवस गावाला गेलेत. मावशींना लिहून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. कपाळाला हात लावला माझ्या, ताप आहे म्हणाल्या.

२५

पट्टी काढून बघितली. मशीन आतून साफ आहे. एक कण नाही. सगळं माझ्यात आहे.

चाक हळूच फिरलं. पाय कुणाचाच नव्हता खालच्या पाट्यावर. माझ्या पोटात ओढ बसली — दोरा ताणल्यासारखी —

पळायचं. आता. आहे तशी.

२५, दुपार

दारापर्यंतच. उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि घशातून दोरा सर्रकन् — तोंडातून बाहेर, जमिनीवरून मागे, मशीनकडे. सुईच्या नेढ्यात गेलेला. मी ओवला नाही. मी नाही ओवला.

परत आत आले तेव्हा सैल झाला. मी मशीनपाशी जमिनीवर पडून आहे. लाळ थांबत नाही. दोऱ्यावरून ओघळते, तेलासारखी, आणि मशीन —

गुरुवार

पहाटे सुईपाशी दोरा कापला. सगळा जोर लावून. कापल्याबरोबर हातापायांतलं बळच गेलं, उठता येत नाही. दुसरं टोक माझ्या घशात. त्याच दोऱ्याचं कापलेलं टोक मशीनवरून सुईजवळ लोंबतंय, ओलं.

पोटात जागा नाही. कुठेच जागा नाही.

गुरुवार

दुपारी धाकटी आली. मावशींनी दार उघडून दिलं. माझा रुमाल, माझा ताप बघून घाबरली, पांघरूण घातलं. तोंडावरचा रुमाल काढू दिला नाही मी तिला. दोरा पांघरुणाखालून गेलाय, तिला दिसत नाही. तू पड, म्हणाली. मग मशीन दिसलं. किती सुंदर आहे, एक टाका घालून बघते म्हणाली. चुलीवर पाणी तापेपर्यंत.

जमिनीवर हात आपटला. हो हो, आलेच, म्हणते. पाठ माझ्याकडे. वळत नाही. वळली की दाखवायचं म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितेय —

धाकटे इकडे बघ

तिनं स्टूल ओढलं. सुई पुसली. टोक हातात घेतलं, मला घशात कळलं — तिची बोटं —

दोरा तोंडात नको धाकटे तो माझ्या आतला आहे तोंडात नको मी तुला चुकीचं शिकवलं ओठांत धरू न