सामायिक विहीर

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. आपल्या विहिरीवर सौरपंप बसला, हे तुला सांगायचं होतं. पण त्याआधी काय झालं तेही सांगायला हवं.

तुझ्यामागं रान माझ्या नावावर झालं. पंपाचा बहुतेक खर्च सरकार सोसतं, आपल्याला थोडाच भरावा लागतो, म्हणून वैरागला जाऊन मी ऑनलाइन अर्ज भरायला बसले. सातबाऱ्यावर विहीर सामायिक. तिथला अर्ज भरून देणारा म्हणाला, दुसऱ्या हिस्सेदाराची संमती स्टॅम्प पेपरवर लागेल. दुसरी हिस्सेदार म्हणजे काकू, तुझी जाऊ. चुलते गेल्यावर त्यांचा वाटा तिच्या नावावर आलाय.

कागद घेऊन आठ दिवस मी घरातच बसले. तो दिवस डोळ्यांपुढून हलेना. मी सातवीत असेन. लाइट दिवसातून तीनच तास, पाण्याची पाळी काकूची, आणि तू पाणी आपल्या वांग्यांकडे वळवलंस. काकू रानात आली तेव्हा तिचा कांदा कोरडा होता आणि लाइट गेलेली. ती मोटारीचे फ्यूज काढून घरी घेऊन गेली. संध्याकाळी तू चुलीपुढं भाकरी थापतेस, हात पिठानं पांढरे, आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, "आजपासनं तिच्या दारात पाऊल टाकायचं न्हाय." मी म्हणाले, पाळी तर तिचीच होती. त्या दिवशी तू मला जेवायला वाढलं नाहीस.

शेवटी गेले. काकू आता वाकलीय. ओसरीवर तूर निवडत होती. तिनं बसायला पोतं सरकवलं, चहा टाकला. पंप माझ्या नावावर असला तरी पाणी दोघींचं, ऊन असेल तोवर मिळेल, लाइटची वाट बघायला नको, असं सगळं मी समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण कागदाला हात लावत नव्हती. मग म्हणाली, "सही करते की. एक सांग. जाताना तुजी आई माजं काय बोलली का?"

"व्हय," मी म्हणाले. "जाऊबाईचा कांदा माझ्यामुळं वाळला, म्हणाली."

तिनं पदराला हात पुसले आणि एकेक अक्षर जुळवत सही केली.

मग कंपनीची माणसं आली, विहिरीच्या कडेला पॅनेल उभी राहिली. आता सकाळी ऊन वर आलं की पाणी सुरू होतं, एक दिवस तिचं, एक दिवस माझं. तिच्या पाळीला ती बांधावर येऊन बसते. परवा शेजारणीला ती तुझं ते शेवटचं बोलणं सांगत होती. मी वाफ्यांत पाणी सोडत दारं धरत होते, मान वर केली नाही.

तू तसं काहीच बोलली नव्हतीस. शेवटच्या दिवसांत तू फक्त उशी नीट कर म्हणायचीस. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहून टाकते: तुझ्या तोंडी ते शब्द घालताना मी जरासुद्धा अडखळले नाही.